कमी पाण्याची, कमी कष्टाची परसबाग

आपल्या गावात बहुतेक घरांच्या पुढे अंगण व मागे परस असते. अंगणात सडा घालतात, रांगोळी काढतात. परसात मात्र मोरीचे पाणी, चिखल आणि डास असतात. त्याच जागेत चांगली बाग होते. आम्ही ती घरी केली आहे. कशी करायची ते सांगतो.

आपल्या सांगोला तालुक्यात पाऊस कमी. उन्हाळ्यात माझी आई हापशावरून रोज १२ हंडे पाणी आणते. तिची कंबर दुखते. बागेचं नाव काढल्यावर ती म्हणाली, "कर की बाग. पण माझ्या हंड्यातलं पाणी मिळायचं नाही." म्हणून आमच्या बागेचे नियम दोनच. पहिला, बागेसाठी वेगळे पाणी आणायचे नाही. दुसरा, रोज काम पडता कामा नये, कारण सुगीत सगळे रानात असतात.

आधी मी पाण्याचा हिशोब केला. १२ पैकी २ हंडे पिण्याला व स्वयंपाकाला, २ म्हशीला. उरलेले ८ हंडे अंघोळीला आणि भांड्यांना. एक हंडा साधारण १५ लिटरचा. १५ × ८ = १२०. म्हणजे रोज जवळजवळ १२० लिटर पाणी मोरीतून वाया जात होते!

उतार : सगळ्यात आधी जमिनीचा उतार बघावा. तांब्याभर पाणी ओतायचे आणि ते कुठे पळते ते पाहायचे. भिंतीकडे आले तर तिथे मुरूम टाकून उतार घरापासून लांब करायचा. नाहीतर पावसाळ्यात भिंतीला ओल येते.

मोरीचे पाणी : मोरीच्या तोंडाशी लहान खड्डा करून त्यात दगडगोटे व वाळू भरावी. खरकटे तिथे अडकते. तो खड्डा आठवड्याला साफ करावा. पुढे चर काढून पाणी केळी, अळू व कर्दळीला द्यावे. त्यांना भरपूर पाणी लागते. कोथिंबीर, मेथी तिथे लावू नये. पानाला साबणाचे पाणी लागते व तीच पाने आपण खातो. पाणी साचू मात्र द्यायचे नाही. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. पाणी त्याआधीच मुरले तर डास होत नाहीत. जास्तीच्या पाण्यासाठी आबांनी १ मीटर लांब, रुंद आणि खोल शोषखड्डा घेतला व तो दगडांनी भरला. शोषखड्डा आडापासून लांब असावा.

मडके : माठ पाझरतो म्हणून त्यातले पाणी गार होते. हाच पाझर झाडाला उपयोगी पडतो. काठ फुटलेला, पण बूड धड असलेला माठ लिंबाच्या रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरायचा आणि पाणी भरून वर झाकण ठेवायचे. माती कोरडी झाली की ती माठातून ओल ओढून घेते. ओली असली की पाझर कमी होतो. मुळांपाशीच पाणी मिळते, उन्हाने उडून जात नाही. मी सकाळी घागरीतले शिळे पाणी व माझ्या बाटलीत उरलेले पाणी माठात ओततो. आमचा माठ ३ दिवस पुरतो. फार जुन्या माठाची छिद्रे क्षाराने बुजतात, तो चालत नाही.

आच्छादन : झाडाच्या बुंध्याभोवती पालापाचोळा किंवा पाचट चार बोटे जाड पसरावे. ओल टिकते आणि तणही कमी उगवते, म्हणजे खुरपणं वाचतं. बुंध्याला मात्र चिकटवू नये, वाळवी लागते.

कोणती झाडे लावावी? शेवगा, कढीपत्ता, कोरफड व सदाफुली थोड्या पाण्यावर जगतात. गवती चहाचे एक ठोंब लावले की त्याची बरीच होतात. गुलबक्षी उन्हाळ्यात वाळली तरी कंद जमिनीत असतो, पावसात पुन्हा फुटते. कुंपणाला अडुळसा लावावा, त्याला शेळी तोंड लावत नाही. कण्हेरही शेळ्या खात नाहीत, पण ती विषारी आहे. लहान मुले असलेल्या घरी लावू नये.

आता आमच्या बागेत काम किती? आठवड्याला एकदा मोरीचा खड्डा साफ करणे, तीन दिवसांनी माठ भरणे आणि शेंगा निघाल्यावर शेवगा छाटणे. छाटला नाही तर तो उंच जातो आणि शेंगा हाताला येत नाहीत.

गेल्या मे महिन्यात आईने १२ च हंडे आणले, एकही जास्त नाही. तरी लिंबू जगले, आणि परसातला चिखल गेला. आता आई आमटीला शेंगा परसातूनच काढते आणि शेजारच्या काकूंनाही देते.

आलेल्या पालकांना माझी विनंती आहे, की घरी गेल्यावर आपल्या मोरीचे पाणी कुठे जाते ते एकदा बघावे. शेवगा लावायला बी लागत नाही. मनगटाएवढी जाड, हातभर लांब फांदी पावसाच्या सुरुवातीला रोवली की फुटते. ज्यांना फांदी पाहिजे त्यांनी मृगात आमच्या घरी यावे. आबा काढून देतील.

— इयत्ता चौथी