घरातला समुद्र (भाग ९) : बुडबुड्याला वेळ द्या

मागच्या भागात आपण टाकीतलं नायट्रोजनचं चक्र पाहिलं. उरलेलं खाणं आणि माशांची विष्ठा कुजते, त्यातून अमोनिया तयार होतो, जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट साचत जातं आणि आपण पाणी बदलत राहतो. हे चक्र सुरू होण्याआधीच त्यातला काही कच्चा माल उचलून बाहेर टाकणारं एक उपकरण खाऱ्या पाण्याच्या टाकीला लाभलं आहे. ते म्हणजे प्रोटीन स्किमर. स्पंज किंवा फ्लॉस घाण अडवतो खरा, पण धुऊन काढेपर्यंत ती पाण्याच्या वाटेतच कुजत राहते. स्किमर तिला पाण्यापासून वेगळी करून कपात जमा करतो.

स्किमर नीट चालत नाही, फेस येत नाही, कप रिकामाच राहतो, ही खाऱ्या पाण्याचा छंद असणाऱ्यांची नेहमीची तक्रार. त्यावर दुकानातून येणारं उत्तरही ठरलेलं असतं : मोठा स्किमर घ्या. माझं म्हणणं असं की मोठा घेण्याआधी हातात आहे तो समजून घ्यावा. बहुतेक स्किमर त्यांच्या कुवतीपेक्षा कमी काम करत असतात आणि ती कुवत थोड्या खर्चात परत मिळवता येते.

फेसात घाण येते कशी?

गुऱ्हाळात उसाचा रस उकळताना वर मळी येते आणि गुळवे ती झाऱ्याने काढून टाकतात. स्किमरच्या कपातही अशीच तपकिरी मळी जमते. फरक इतकाच की कढईत हे काम उष्णता करते, स्किमरमध्ये बुडबुडे.

पाण्यात विरघळलेल्या अनेक सेंद्रिय रेणूंचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, तर दुसरं पाणी टाळतं. प्रथिनं, मेदाम्लं ही त्यांतली मुख्य मंडळी. असा रेणू हवेच्या बुडबुड्यापाशी आला की पाणी टाळणारं टोक हवेत आणि दुसरं पाण्यात ठेवून तिथेच चिकटतो. बुडबुडे वर चढतात, स्किमरच्या वरच्या नळकांड्यात, म्हणजे मानेत, त्यांचा फेस होतो, फेसातलं पाणी निथळून खाली जातं आणि चिकटलेले रेणू फेसाबरोबर कपात पडतात.

म्हणजे सगळा व्यवहार हवा आणि पाणी जिथे भेटतात त्या पृष्ठभागावर होतो. हा पृष्ठभाग किती वाढतो, याचा हिशेब सोपा आहे. एक लिटर हवेचे १ मिलिमीटर व्यासाचे बुडबुडे केले तर ते साधारण १९ लाख भरतात आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग ६ चौरस मीटर होतो. त्याच हवेचे अर्ध्या मिलिमीटरचे बुडबुडे केले तर संख्या आठपट आणि पृष्ठभाग दुप्पट, म्हणजे १२ चौरस मीटर. हवा तेवढीच, पंप तोच, चिकटायला जागा मात्र दुप्पट. शिवाय लहान बुडबुडा सावकाश चढतो, त्यामुळे रेणूंना त्याच्यापर्यंत पोहोचायला वेळही जास्त मिळतो. मात्र बुडबुडे फारच बारीक झाले तर ते वर चढण्याऐवजी बाहेर जाणाऱ्या पाण्याबरोबर वाहत मुख्य टाकीत शिरतात.

गोड्या पाण्यात हे तंत्र फारसं का चालत नाही, याचंही उत्तर बुडबुड्यांतच आहे. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून पटकन मोठे होतात. खाऱ्या पाण्यातले क्षार हे मिसळणं रोखतात. म्हणून फेस अचानक कमी झाला तर पहिल्यांदा क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर काढा. समुद्राची क्षारता हजारी ३५ भाग, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास असते. माशांवरच्या परजीवींच्या उपचारासाठी ती मुद्दाम खाली आणली असेल, तर स्किमर रुसणारच. त्यात यंत्राचा दोष नाही.

आधी सफाई

सुधारणेची पहिली पायरी फुकट आहे. मानेच्या आतल्या बाजूला मेदाचा चिकट थर बसतो आणि वर चढणारा फेस त्याला लागून फुटतो. ती मान दर दोन-तीन दिवसांनी ओल्या कापडाने पुसली तर अनेकांना त्याच दिवशी फरक दिसेल. साबण कधीही वापरू नका. त्याचा अंश राहिला तर कप मळीऐवजी पाण्याच्या फेसाने भरून वाहू लागतो. हाताला क्रीम किंवा तेल लागलेलं असताना टाकीत हात घातला तर उलट होतं, फेस काही तास बसतो.

दुसरी जागा हवा ओढणारी व्हेंच्युरी. इथे हवा आणि खाऱ्या पाण्याचे तुषार एकत्र येतात, पाणी सुकतं आणि मिठाचे खडे तोंड बुजवत जातात. कप काढून ठेवा, पंप चालू असतानाच हवेच्या नळीचं टोक कोमट आरओ पाण्याच्या पेल्यात बुडवा आणि ते पाणी ओढू द्या. मीठ विरघळून निघून जातं. हे महिन्यातून एकदा करावं.

तिसरी जागा पंप. इम्पेलरवर, म्हणजे पंपाच्या फिरत्या चाकावर, आणि त्याच्या घरात कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर जमतो, पंप जड होतो, हवा कमी ओढतो. दर तीन-चार महिन्यांनी प्लग काढून, पंप सोडवून, पांढरं व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन त्यात काही तास बुडवा, ब्रशने घासा, साध्या पाण्याने धुवा. अशा सफाईनंतर फेस एक-दोन दिवस स्थिर होत नाही. नवा स्किमर तर आठवडा-दोन आठवडे घेतो. त्या काळात बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या व्हॉल्व्हशी खेळत बसू नका.

पाण्याची पातळी

सम्पमध्ये, म्हणजे मुख्य टाकीखालच्या जोडटाकीत, बसवलेला स्किमर ठरावीक खोलीच्या पाण्यासाठी बनवलेला असतो. ती खोली निर्मात्याच्या पत्रकात दिलेली असते. पाणी दोन-तीन सेंटीमीटरने उतरलं तरी मानेतला फेस खाली जातो, चढलं तर कप भरून वाहतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, त्यात पंखा चालू असेल तर, बाष्पीभवनामुळे ही पातळी रोज हलते. उपाय दोन. सम्पमध्ये आडव्या भिंती असतील तर स्किमर त्या खणात ठेवा जिथली पातळी भिंतीच्या उंचीमुळे कायम राहते. बाष्पीभवनाची घट मग शेवटच्या, पंपाच्या खणात दिसते. भिंती नसतील तर आपोआप आरओ पाणी भरणारी यंत्रणा बसवा. पाणी खोल असेल तर स्किमरखाली ॲक्रिलिकचा पाट द्या. लाकूड किंवा धातू नको.

हवा मोजा, मग वाढवा

मोजल्याशिवाय सुधारणा झाली की नाही ते कळत नाही. हवेच्या नळीत रोटामीटर, म्हणजे तरंगत्या गोळीचा प्रवाहमापक, बसवला की ताशी किती लिटर हवा ओढली जाते ते दिसतं. सफाईआधी आणि नंतर आकडा वहीत लिहा.

नळी लांब, दुमडलेली किंवा तिचा सायलेन्सर धुळीने भरलेला असेल तर हवा तिथेच अडते. बंद वातानुकूलित खोलीत आणखी एक प्रश्न असतो. माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साचतो, स्किमर तीच हवा पाण्यात मिसळतो आणि पीएच खाली येतो. नळी खिडकीबाहेर काढली तर पीएच सुधारतो. पण महापालिकेची डासांच्या धुराची फवारणी असेल त्या दिवशी नळी आत घ्या. त्या धुरातली पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं माशांना आणि कोळंबीला अतिशय घातक असतात.

आतले बदल

यानंतरच पान्याला हात लावावा. आजच्या घरगुती स्किमरमध्ये बहुधा काट्यांचा इम्पेलर, म्हणजे नीडल व्हील, हवा चिरडून बुडबुडे करतो. हे काटे झिजतात, तुटतात. अनेक छंदिष्टांनी काट्यांऐवजी नायलॉनच्या जाळीचे गोल थर इम्पेलरच्या तबकडीवर बांधून पाहिले आहेत. उतारावरच्या मातीची धूप रोखण्यासाठी अंथरतात ती एन्कामॅटसारखी गुंतवळीची जाळी यासाठी लोकप्रिय झाली. जाळीच्या असंख्य धाग्यांवर हवा जास्त वेळा तुटते, बुडबुडे बारीक होतात. बांधण्यासाठी नायलॉनचा धागा किंवा प्लास्टिकची पट्टीच वापरावी. तार गंजते. जाळीचा व्यास पंपाच्या घरापेक्षा थोडा कमी ठेवा आणि ती सर्व बाजूंनी सारखी कापा, नाहीतर इम्पेलर थरथरतो आणि पंपाचा दांडा झिजतो. रोटामीटरवर हवा वाढली नाही आणि बुडबुडेही बारीक झाले नाहीत, तर जुना इम्पेलर परत बसवा. वॉरंटी मात्र या बदलाने जाते.

दुसरा बदल बबल प्लेटचा. पंपातून येणारं पाणी घुसळत वर चढलं तर मानेजवळचा फेस मोडतो. स्किमरच्या तळाशी बारीक छिद्रांची आडवी प्लेट असेल तर बुडबुडे शांतपणे, सारखे पसरून चढतात. तिसरा बदल बाहेर जाणाऱ्या नळीवर. तिथे फिरवायची साधी बाही असेल, तर तिच्या जागी गेट व्हॉल्व्ह बसवला की पाण्याची उंची अगदी थोड्या फरकानेही बदलता येते. फेस मानेत स्थिर ठेवायला याचा सर्वांत जास्त उपयोग होतो.

व्हॉल्व्ह लावताना मोह आवरा. ओला फेस ठेवला तर कप लवकर भरतो, पण त्याबरोबर खारं पाणीही जातं. त्याची जागा आरओ पाणी घेतं आणि टाकीची क्षारता हळूहळू उतरते. कोरडा फेस ठेवला तर मळी दाट आणि कमी येते. मधली जागा धरा आणि दर आठवड्याला क्षारता तपासा.

वीज जाऊन येते तेव्हाचाही विचार करा. वीज गेली की मुख्य टाकीतलं पाणी खाली उतरून सम्पची पातळी वाढते. वीज आल्याबरोबर स्किमर सुरू झाला तर त्या चढलेल्या पातळीमुळे कपातली सगळी मळी पुन्हा पाण्यात सांडते. आधी मुख्य पंप आणि काही मिनिटांनी स्किमर सुरू करणारा विलंब टायमर लावला तर हे टळतं.

किती अपेक्षा ठेवावी?

स्किमरला आजचं महत्त्व मिळालं ते बर्लिन पद्धतीमुळे. जिवंत खडक, भरपूर प्रकाश आणि जोरदार स्किमर यांवर प्रवाळ वाढवण्याची ही रीत १९९४ मध्ये डेलबीक आणि स्प्रंग यांच्या ‘द रीफ ॲक्वेरियम’ या पुस्तकाने सर्वदूर पोहोचवली. भारतात कठीण प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ते घरात ठेवता येत नाहीत. त्यामुळे आपल्या टाक्या मुख्यतः माशांच्या. माशांना खाणं जास्त लागतं, म्हणून स्किमरवरचा भारही जास्त.

तरीही हे उपकरण सगळं काढत नाही. पेन स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन यांनी २००९ मध्ये वेगवेगळ्या प्रकारच्या स्किमरची मोजणी करून पाहिली. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण २० ते ३० टक्केच त्यांना काढता आला आणि वेगवेगळ्या रचनांमधला फरक जाहिरातींच्या मानाने लहान निघाला. उरलेले रेणू बुडबुड्याला चिकटतच नाहीत. त्यांच्यासाठी सक्रिय कार्बन, पाणी बदलणं आणि मोजून खाणं घालणं, हेच मार्ग राहतात.

म्हणून खर्च करण्याआधी या आठवड्यात चार गोष्टी करा : क्षारता मोजा, मान पुसा, व्हेंच्युरी धुवा आणि पाण्याची खोली पत्रकाशी ताडून पाहा. आठ दिवसांनी फेस जिथे स्थिरावेल, तिथून पुढच्या बदलांचा विचार सुरू करा. बहुतेक टाक्यांना त्यापुढे जावंच लागणार नाही, असा माझा विश्वास आहे.

पुढच्या भागात : सक्रिय कार्बन किती घालायचा, कुठे ठेवायचा आणि कधी बदलायचा.