डोक्यातला भुंगा आणि पायांची चाल

‘माझे काही होणार नाही’, ‘लोक मलाच हसतात’, ‘याही परीक्षेत नापासच होणार’... असा विचार एकदा डोक्यात शिरला की भुंग्यासारखा पोखरत राहतो. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या आपल्या वस्त्यांत स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेऊन घरात बसलेली मुले आहेत, मुंबईची नोकरी सुटून परतलेले बांधव आहेत. त्यांना आपण सांगतो, ‘वाईट विचार करू नकोस.’ पण विचाराशी विचाराने भांडत बसले की तो आणखी घट्ट होतो. शरीर आधी हलवावे, मन मागून येते, असे आम्हाला वाटते.

याला संशोधनाचाही आधार आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नैराश्य असलेल्या, पन्नाशी गाठलेल्या १५६ जणांचे तीन गट केले. एकाला व्यायाम, दुसऱ्याला औषध, तिसऱ्याला दोन्ही. औषधाचा गुण लवकर दिसला. पण १६ आठवड्यांनी तिन्ही गटांतला फरक फारसा उरला नाही. (म्हणून चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत!) २०१५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी काहींना दीड तास झाडांमधून चालायला लावले, काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेने. तेच ते विचार घोळवणे झाडांमधून चाललेल्यांचे कमी झाले.

भगवान बुद्धांच्या संघात चंक्रमण, म्हणजे ठरावीक जागेत सावकाश येरझारा घालणे, हा दिनक्रमाचाच भाग होता. अंगुत्तर निकायातील चंकम सुत्तात त्याचे पाच लाभ सांगितले आहेत: प्रवास झेपतो, परिश्रमाचे बळ येते, प्रकृती निरोगी राहते, खाल्लेले पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते.

आता एक रास्त प्रश्न. ‘दिवसभर चिखलात लावणी करतो, विटा वाहतो, मग वेगळा व्यायाम कशाला?’ मजुरीत वेग दुसऱ्याचा असतो, मजुरीची चिंता आपली. स्वखुशीने केलेल्या हालचालीचा मनाला जसा लाभ होतो, तसा कामावरच्या कष्टाचा होत असल्याचे अभ्यासांत दिसत नाही. थकलेल्या भगिनीला आधी विश्रांती हवी. मग तिन्हीसांजेला शेजारणीसोबत गप्पा मारत एक फेरी. तेवढ्या वेळात घरातल्या पुरुषाने कुकर लावावा. नाक्यावर उभे राहायला त्याला वेळ मिळतोच.

किती चालावे? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतका वेग पुरे. उत्साह येण्याची वाट पाहू नये; उदास मनाला तो आधी येतच नाही. सुरुवातीला दहा मिनिटेही चालतील. चालून आल्यावर थोडे हलके वाटते, पण पक्का फरक पडायला काही आठवडे लागतात.

आपल्याला समुद्र फुकट मिळाला आहे. ओहोटीला नागाव किंवा दिवेआगरची ओली वाळू चालायला छान घट्ट असते. मात्र ओहोटीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, त्यामुळे घड्याळाची एकच वेळ धरून चालत नाही. पावसाळ्यात बाहेर पडता येत नाही आणि नेमके तेव्हाच मन कुंद होते. तेव्हा विहाराची ओसरी वापरावी. चंक्रमणाला वीस पावलांची जागा पुरते. लक्ष पावलांवर ठेवावे, विचार आला तर पुन्हा पावलांवर आणावे.

दोन आठवडे उदासी हटत नसेल, झोप-भूक उडाली असेल तर डॉक्टरांना दाखवावे. रोज चालतो म्हणजे ठीकच असेल, असे घरच्यांनी धरून चालू नये. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले तर त्याला एकटे सोडू नये आणि लगेच टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते.