जुन्या अ‍ॅम्बॅसेडरची निगा
लेखांक पाचवा : पत्रा, पाऊस आणि खाडीचा वारा

या लेखमालेच्या मागील चार लेखांकांत आपण अ‍ॅम्बॅसेडरचे इंजिन, पाण्याची व्यवस्था, इंधनाचा मार्ग आणि गिअरपेटी यांचा क्रमाने परामर्श घेतला. तो वाचून पेण व रोहा या भागांतील गाडीमालकांची अशी समजूत होणे स्वाभाविक आहे की, टॅपेट वेळच्या वेळी लावले, प्लग-पॉइंट साफ ठेवले आणि ऑइल मुदतीत बदलले, म्हणजे मालकाच्या कर्तव्याची परिसमाप्ती झाली. घाटावरच्या कोरड्या मुलखात ही समजूत पुष्कळ अंशी खरी ठरेलही. परंतु आपल्या या खाडीकाठच्या दोन तालुक्यांत जी अ‍ॅम्बॅसेडर भंगारात जाते, ती बहुधा इंजिनामुळे जात नाही. तिचे इंजिन शेवटच्या दिवशीही पहिल्या हाकेला सुरू होते, आणि तळाचा पत्रा मात्र अंगठ्याने दाबला तरी आत जाईल इतका कुजलेला असतो. सबब आजचा लेखांक सबंध पत्र्याला दिला आहे. ब्रेक आणि वीज यांचा उल्लेख येईल, तो त्यांचा पाण्याशी जेवढा संबंध आहे तेवढ्यापुरता.

पत्र्याला एवढे महत्त्व का द्यावयाचे, हे कळण्यासाठी गाडीची मूळ बांधणी ध्यानी घेतली पाहिजे. उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यातून 1950 च्या दशकाच्या अखेरीस जी गाडी बाहेर पडू लागली आणि 2014 च्या मे महिन्यात जिचे उत्पादन थांबले, ती मुळात इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेची आवृत्ती होय. ट्रकच्या किंवा जुन्या जीपच्या पोटाखाली जशी स्वतंत्र चासी असते, तशी ती या गाडीला नाही. तळ, दारांखालच्या लांब पोकळ पट्ट्या, दारांचे खांब आणि छप्पर ही सर्व अंगे एकमेकांना वेल्ड करून जी एक पेटी तयार होते, तीच गाडीचा सांगाडा आणि तीच तिची कातडी. जीपचा पत्रा गळून पडला तरी चासी वजन वाहत राहते. अ‍ॅम्बॅसेडरचा पत्रा गेला म्हणजे वजन वाहणारे दुसरे काही उरतच नाही. तशात पुढच्या चाकांना पाटे नाहीत आणि वेटोळ्यांच्या स्प्रिंगाही नाहीत. लांब पोलादी दांडे पिळले जाऊन तेथे भार पेलतात, आणि या दांड्यांची मागची टोके पुढील बैठकीच्या आसपास तळाखालून जाणाऱ्या आडव्या पेटीत जखडलेली असतात. मागील चाकांचे पाटे ज्या कानांना टांगलेले असतात, ते कानही याच तळाला जडविलेले. म्हणजे चारही चाकांचा भार शेवटी येतो तो पत्र्यावर, आणि हा पत्रा तर काही ठिकाणी जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा.

आता या पत्र्याला आपल्या मुलखात काय सोसावे लागते ते पाहावे. जिल्ह्याच्या या भागात वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पेणच्या पश्चिमेस धरमतरची खाडी आणि तिच्या काठची मिठागरे. तिकडून येणाऱ्या वाऱ्यात क्षाराचा अंश असतो. नुसत्या पाण्याने लोखंड गंजते हे खरे, परंतु क्षार मिसळलेले पाणी वीज अधिक सुलभतेने वाहून नेते, त्यामुळे गंजण्याची रासायनिक क्रिया कितीतरी वेगाने चालते. शिवाय हे क्षार हवेतील बाष्प ओढून घेत असल्यामुळे पाऊस थांबल्यावरही पत्रा पुरता कोरडा होत नाही. त्यावर रस्त्याची भर. पनवेल ते इंदापूर या टप्प्याचे चौपदरीकरण 2011 साली सुरू झाले आणि रेंगाळले, आणि वडखळ, नागोठणे, कोलाड या पट्ट्यातील गाड्यांनी कित्येक पावसाळे खड्ड्यांतील चिखलपाण्यातून काढले. हा चिखल मडगार्डांच्या आतल्या कोपऱ्यांत जाऊन बसतो तो माघापर्यंत ओलाच असतो.

पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत शाडूची ओली मूर्ती आषाढात किती दिवस ओलीच राहते, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना गाडीच्या गालिच्याखालची ओल आपोआप का जात नाही, हे निराळे सांगावयास नको. आणि खरे नुकसान तेथेच होते. पुढील काचेच्या रबराची लवचीकता संपली की पाणी डॅशबोर्डाच्या मागून उतरते, पायांखालच्या गालिच्यात व त्याखालच्या तागाच्या थरात मुरते, आणि वरून रबरी पायपोस अंथरलेला असल्यामुळे मालकास त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून वर्षातून निदान दोनदा, वैशाखात आणि पुन्हा दसऱ्याच्या सुमारास, गालिचे व ताग सबंध बाहेर काढून उन्हात वाळवावेत आणि तळ उघडा करून पाहावा. ज्या घरी ही एक गोष्ट नेमाने होते, त्या घरची गाडी शेजारच्या गाडीहून पुष्कळ वर्षे अधिक टिकते.

पाहणीस फार साहित्य लागत नाही. एक लहान हातोडी, एक बोथट स्क्रू-ड्रायव्हर आणि एक बॅटरी पुरे. पुढच्या मडगार्डाच्या आत, चाकाच्या मागील बाजूस हात घालून सुकलेला चिखल खरवडून काढावा. दारांखालच्या पोकळ पट्टीवर हातोडीने हलके ठोके देत पुढून मागे यावे. निरोगी पत्रा स्वच्छ टणत्कार देतो. आतून पोखरलेला पत्रा बद्द वाजतो, आणि ठोक्यासरशी पट्टीच्या आतून गंजाची भुकटी खाली पडते. जेथे आवाज बदलला तेथे स्क्रू-ड्रायव्हर दाबावा. तो आत गेला तर वाईट वाटून घेऊ नये. भोक तेथे होतेच, ते फक्त रंगाच्या पापुद्र्याने झाकलेले होते. याच पट्टीच्या आणि दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे ठेवलेली असतात. रंगारी गाडी रंगविताना ती बुजवितो, उरलेली चिखल बुजवितो, आणि मग दारातून उतरलेले पाणी पट्टीत साठून राहते. ही छिद्रे तारेने मोकळी करणे हे काही क्षणांचे काम. परंतु त्याची हयगय ज्या प्रमाणात होते, ती पाहून मन विषण्ण होते.

आता एक गोष्ट अशी आहे, जिने जाणती माणसेही फसतात. या गाडीच्या 1489 घनसेंटिमीटरच्या जुन्या पेट्रोल इंजिनास क्रँकच्या मागील टोकाशी आजच्यासारखे रबरी ऑइल सील नाही. दांड्यावर कोरलेल्या आट्यांच्या योगे ऑइल आत परतविण्याची योजना आहे. इंजिन झिजून आतला दाब वाढला की ऑइल तेथून पाझरू लागते, आणि ते गिअरपेटीच्या बाजूने मागे वाहत तळाच्या मधल्या भागावर पसरते. परिणामी हा मधला भाग तेलकट व काळा, पण गंजापासून सुरक्षित राहतो. गाडी विकत घेणारा इसम वाकून नेमका तेवढाच भाग पाहतो आणि तळ शाबूत असल्याचा निर्वाळा देतो. कडांना मात्र चाळणी झालेली असते. तळ पाहावयाचा तो कडांकडून मध्याकडे.

सांगाड्याची शक्ती कितपत उरली आहे, हे कळण्याची आणखी एक साधी रीत आहे. सपाट जमिनीवर गाडीची एक बाजू जॅकने उचलावी आणि उचललेल्या बाजूची दारे उघडून लावून पाहावीत. दार पूर्वीसारखे अलगद लागले तर ठीक; ते खांबाला घासू लागले, किंवा दाराभोवतीची फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसू लागली, तर दाराखालची पट्टी भार घेत नाही असे समजावे. गाडी पुढून एका अंगाला झुकली असेल, तर मिस्त्री पोलादी दांड्याचा ताण वाढवून ती सरळ करून देतात, आणि पिळाचा दांडा थकला असेल तेथे हा उपाय योग्यच होय. परंतु ताण वाढवूनही थोड्याच काळात गाडी पुन्हा त्याच अंगाला बसली, तर दोष दांड्यात शोधू नये; दांड्याचे मागचे टोक ज्या आडव्या पेटीत जखडले आहे ती पेटी कुजून जागा सोडीत आहे, असा संशय घ्यावा. अशी गाडी रस्त्यावर काढणे जिवावरचे आहे.

उपायांविषयी लिहिताना प्रथम अपायांविषयीच लिहिणे भाग आहे. कुजलेल्या भागावर लांबी भरून वर रंग फासणे ही फसवणूक आहे, मग ती दुसऱ्याची असो वा स्वतःची. लांबी भार घेत नाही, आणि तिच्याआड ओल कोंडून गंज दुप्पट चालतो. डांबरासारखा जाड काळा थर गंजावरच चढविणे हे त्याहून वाईट, कारण त्या थराला तडा जाऊन आत शिरलेले पाणी बाहेर येण्यास वाट उरत नाही. वापरलेले इंजिन ऑइल डिझेलमध्ये कालवून पावसाळ्यापूर्वी तळाला फवारण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. तिने पत्र्याचे काही रक्षण होते हे मी नाकारीत नाही. पण तेच ऑइल पाट्यांचे रबरी बुश फुगविते, ब्रेकच्या रबरी नळ्या कमकुवत करते आणि पहिल्या पावसात धुऊन विहिरीच्या व शेताच्या पाण्यात जाते. गंज तारेच्या ब्रशाने मूळ धातूपर्यंत खरवडून, जस्तयुक्त प्रायमर लावून, त्यावर रंग व वर मेणयुक्त द्रावण मारणे हा मार्ग थोडा खर्चाचा खरा, परंतु निर्दोष आहे. पोकळ पट्ट्यांत हे मेण बारीक नळीने आत सोडावे. आणि गाडीवर ताडपत्री किंवा प्लास्टिक गुंडाळून पावसाळाभर ती बांधून ठेवू नये. खालून उठणारी ओल तिच्यात कोंडते. बाजूंनी मोकळी आणि वर कौले किंवा पत्रे असलेली पडवी याहून कितीतरी बरी.

जेथे पत्रा गेलाच आहे, तेथे कुजलेला भाग निरोगी धातू लागेपर्यंत कापून काढून नवा तुकडा वेल्ड करणे याला पर्याय नाही. मिस्त्रीला दोन गोष्टी बजावून सांगाव्यात. दारांखालची पट्टी कापण्यापूर्वी दारांच्या खांबांमध्ये आतून लोखंडी आधार जोडावा, नाहीतर सांगाडा मध्ये खचतो आणि पुढे कोणतेही दार कधीच नीट लागत नाही. आणि वेल्डिंगपूर्वी बॅटरीची जोडणी काढून, मागील भागात काम असल्यास पेट्रोलची टाकीही उतरवावी. दोन्ही बाजू एकदम कापू देऊ नये. कारखाना बंद पडल्यामुळे तयार तुकडे दुर्मिळ झाले आहेत. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या दुकानांत व कुर्ल्याच्या भंगार बाजारात पुढची मडगार्डे कधीमधी हाती लागतात, पण तळाचे तुकडे बहुधा हातानेच ठोकून घडवावे लागतात. असे काम मनापासून करणारा जुना डेंटर आपल्या गावात असेल, तर त्याच्या मजुरीत घासाघीस करू नये, असे माझे मत आहे.

ब्रेकविषयी थोडक्यात. जुन्या गाड्यांच्या चारही चाकांना ड्रम आहेत, आणि साठलेल्या पाण्यातून गेल्यावर लायनर भिजून ब्रेक जवळजवळ लागेनासा होतो. पाण्यातून बाहेर पडताच पेडल हलके दाबून काही अंतर संथ चालवावे, म्हणजे ते सुकतात. ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते, त्याने व्हील सिलेंडर आतून गंजतो आणि गळू लागतो, व सुकेळी खिंडीच्या उतारावर ऑइल तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होऊन पेडल एकाएकी पोकळ जाते. इतरत्र हे ऑइल 2 वर्षांनी बदलावयाचे, तर आपल्याकडे ते दरवर्षी मृगापूर्वी बदलावे आणि नळ्यांतील हवा काढून घ्यावी. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हातब्रेक ओढून ठेवू नये, लायनर ड्रमला धरतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत.

विजेच्या बहुतेक तक्रारींचे मूळही पत्र्यातच सापडते, कारण या गाडीत वीज परत येते ती पत्र्यातून. इंजिन व सांगाडा यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी जेथे बोल्टने आवळलेली असते, तेथे गंज धरला की स्टार्टर आळसावतो, दिवे मिणमिणतात, आणि मालक मात्र नवी बॅटरी आणतो. स्टार्टरचा मोठा प्रवाह परतीची वाट न मिळाल्याने चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेतून वाहून ती तार जळल्याचेही प्रकार घडतात. तो बोल्ट काढून दोन्ही पृष्ठभाग चकचकीत घासावेत आणि पुन्हा आवळून वर ग्रीस लावावे. डिस्ट्रिब्यूटरचे झाकण आतून कोरड्या फडक्याने पुसणे हे पावसाळ्यातील सकाळचे नित्यकर्म समजावे.

शेवटी खरेदीदारांसाठी. रायगड जिल्ह्याची परिवहन कचेरी पेण येथेच आहे, आणि 15 वर्षांवरील खाजगी गाडीची नोंदणी दर 5 वर्षांनी नवी करून घ्यावी लागते, हे आपण जाणताच. परंतु दप्तरातील दाखल्यावर पत्र्याची जाडी लिहिलेली नसते. ती ज्याची त्याने पाहावयाची. इंजिन खलास झालेली पण तळ शाबूत असलेली अ‍ॅम्बॅसेडर अवश्य घ्यावी, कारण इंजिन बांधून देणारे मिस्त्री आजही पेणमध्ये आणि रोह्यात आहेत. इंजिन गोड पण दारांखालची पट्टी व आडवी पेटी कुजलेली असेल, तर ती गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी मृग लागण्यापूर्वी, या आठवड्यातच, गालिचे उचलून तळ पाहावा. पुढील लेखांकी पुढच्या चाकांचे किंगपिन, ग्रीसचे निपल आणि स्टिअरिंग यांचा विचार करू.