घाटाखालचे ऊन आणि संगणकाचा ताप

बुलडाणा - मे महिन्यातील दुपार. मलकापूर, नांदुरा किंवा शेगावच्या बाजारपेठेतील एखादे ऑनलाइन सेवा केंद्र. उत्पन्नाचा, जातीचा, नॉन-क्रीमीलेअरचा दाखला काढण्यासाठी पालकांची रांग लागलेली असते आणि नेमका त्याच वेळी संगणक रखडू लागतो. सकाळी दहा वाजता चुटकीसरशी उघडणारा अर्ज दुपारी तीन वाजता उघडता उघडत नाही. 'व्हायरस शिरला' असे निदान होते, यंत्र दुरुस्तीला जाते, फॉरमॅट होऊन परत येते. संध्याकाळच्या गारव्यात ते नीट चालते, म्हणून निदान बरोबर होते असेही वाटते. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच.

अशा अनेक प्रसंगी दोष व्हायरसचा नसतो, उष्णतेचा असतो. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की स्वतःला वाचविण्यासाठी आपणहून वेग कमी करतो. मर्यादा आणखी ओलांडली तर यंत्र बंद पडते. हे घडत आहे किंवा नाही, हे सांगणारे संवेदक म्हणजे सेन्सर गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील बहुतेक मदरबोर्डांवर बसविलेले असतात. प्रश्न आहे तो त्यांचे म्हणणे ऐकण्याचा.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची सर्वसाधारण मदत संपली. विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या जुन्या यंत्रांना कामात ठेवण्याचा एक मार्ग म्हणून लिनक्सकडे पाहिले जाते. उबुंटू, मिंट किंवा सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही भारतीय प्रणाली, यांपैकी कोणतीही घेतली तरी पुढील कृती जवळपास सारखीच आहे, कारण या तिन्हींचे मूळ डेबियन या एकाच घराण्यात आहे. मात्र जुने यंत्र म्हणजे झिजलेला पंखा आणि प्रोसेसरवरचा वाळून गेलेला लेप. त्यामुळे तापमानाची चौकशी अशा यंत्राच्या बाबतीत अधिकच अगत्याची ठरते.

मोजमाप होते कसे?

लिनक्समध्ये हे काम 'एलएम-सेन्सर्स' नावाचा आज्ञावली-संच करतो. १९९८ च्या सुमारास काही स्वयंसेवकांनी तो लिहावयास घेतला. नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीच्या 'एलएम ७८' सारख्या चिप त्या काळी मदरबोर्डांवर असत. नावातील 'एलएम' ही अक्षरे तेथून आली आहेत. प्रत्यक्ष चिपशी बोलणारे भाग, म्हणजे ड्रायव्हर, पुढे लिनक्सच्या गाभ्यातच सामावले गेले.

मोजमापाची ठिकाणे मुख्यतः दोन. पहिले खुद्द प्रोसेसरच्या पोटात. इंटेलच्या प्रोसेसरसाठी 'कोअरटेम्प' आणि एएमडीच्या प्रोसेसरसाठी 'के-१०-टेम्प' हा ड्रायव्हर तेथील आकडा वाचतो. दुसरे ठिकाण म्हणजे मदरबोर्डवरील 'सुपर आय-ओ' ही चिप. ती बहुधा आयटीई किंवा नुव्होटॉन (पूर्वीची विनबॉण्ड) या कंपनीची असते आणि बोर्डाचे तापमान, पंख्यांचे फेरे व विजेचा दाब पाहते. याखेरीज हार्ड डिस्कचे तापमानही वाचता येते. त्यासाठीचा 'ड्राइव्हटेम्प' हा ड्रायव्हर २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीपासून गाभ्यात आला. बऱ्याच ठिकाणी तो 'मॉडप्रोब' या आज्ञेने हाताने चालू करावा लागतो.

यामागचे विज्ञान फार गहन नाही. सिलिकॉनच्या डायोडमधून ठरावीक प्रवाह सोडला तर त्यावरील व्होल्टेज दर अंशामागे साधारण २ मिलिव्होल्टने घटते. ही घट मोजली की तापमान कळते. पंख्याची तिसरी तार प्रत्येक फेऱ्यामागे सहसा दोन ठोके पाठविते. सेकंदाला ४० ठोके आले तर पंखा मिनिटाला १,२०० फेरे घेत आहे. चिपने एका फेऱ्यामागे एकच ठोका गृहीत धरला तर हाच पंखा २,४०० फेऱ्यांचा दिसेल, आणि मालक उगाच निर्धास्त राहील.

व्होल्टेजची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. चिपला फार तर तीन-चार व्होल्टपर्यंतच मोजता येते. बारा व्होल्टची तार तिला थेट जोडता येत नाही. म्हणून बोर्ड बनविणारा दोन रोध जोडून दाब विभागतो व त्याचा एक हिस्साच चिपकडे पाठवितो. कोणते रोध लावले हे चिपला ठाऊक नसते, ड्रायव्हरलाही नसते. ते त्या बोर्डाच्या निर्मात्यालाच ठाऊक. लिनक्सवर पहिल्यांदा दिसणारे कित्येक आकडे खोटे का असतात, याचे कारण येथे आहे.

प्रश्नांची सरबत्ती

प्रथम 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल एलएम-सेन्सर्स' ही आज्ञा टर्मिनलमध्ये, अर्थातच इंग्रजी अक्षरांत, द्यावयाची. त्यानंतर 'सुडो सेन्सर्स-डिटेक्ट'. ही आज्ञा एकामागून एक प्रश्न विचारते: प्रोसेसरमधील संवेदक शोधू का, सुपर आय-ओ पाहू का, अमुक मार्ग तपासू का. प्रत्येक प्रश्नापुढे 'होय' व 'नाही' यांपैकी एक शब्द मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. तेच सुरक्षित उत्तर. नुसते एंटर दाबले की ते घेतले जाते. घाईने सगळीकडे 'होय' म्हणण्याचा मोह टाळलेला बरा. या तपासणीत अनोळखी चिपना हाक मारली जाते आणि एखादी चिप भलताच अर्थ घेऊ शकते. सुरुवातीच्या काळात आयबीएमच्या काही थिंकपॅड लॅपटॉपवर या तपासणीमुळे स्मृतिचिपमधील नोंदी बिघडल्या आणि यंत्रे सुरूच होईनाशी झाली होती. पुढे अशी यंत्रे ओळखून तेथे तपासणी थांबविण्याची व्यवस्था करण्यात आली.

शेवटचा प्रश्न मात्र वेगळा आहे. सापडलेले ड्रायव्हर यंत्र सुरू होताना आपोआप चढावेत, यासाठी त्यांची नावे 'मॉड्यूल्स' या फाइलीत लिहू का, असे विचारले जाते. येथे ठरलेले उत्तर 'नाही' असते. म्हणून 'होय' हा शब्द पूर्ण टाइप करावा लागतो. एंटर दाबून पुढे गेलेल्यांना यंत्र बंद करून सुरू केल्यावर बोर्डाचे आकडे गायब झालेले दिसतात, ते यामुळेच.

यंत्र पुन्हा सुरू करून 'सेन्सर्स' ही एकशब्दी आज्ञा दिली की यादी समोर येते. कधी त्यात प्रोसेसरचे आकडे असतात, पण बोर्डाचे नसतात. बोर्डाचे फर्मवेअर त्याच चिपवर हक्क सांगत असेल तर लिनक्स आपल्या ड्रायव्हरला तेथे शिरू देत नाही. हा नियम शिथिल करण्याचा एक पर्याय आहे आणि अनेक ठिकाणी तो बेधडक सुचविला जातो. परंतु दोघांनी एकाच वेळी एकाच चिपची दारे उघडली तर चुकीचे आकडे, क्वचित चुकीच्या आज्ञाही जाऊ शकतात. ज्या यंत्रावर लोकांचे दाखले निघतात, तेथे हा प्रयोग न करणे शहाणपणाचे. प्रोसेसरच्या आकड्यावर बहुतेक गरज भागते.

खोट्या आकड्यांची छाननी

नवख्या माणसाची खरी घबराट यादी पाहून होते. एक तापमान १२७ अंश, दुसरे उणे १२८, बारा व्होल्टच्या जागी तीन व्होल्ट. १२७ किंवा उणे १२८ असा आकडा सहसा इतकेच सांगतो की चिपच्या त्या पायाला काहीच जोडलेले नाही. दुरुस्तीची जागा म्हणजे 'ईटीसी' या फोल्डरातील 'सेन्सर्स.डी'. तेथे आपल्या बोर्डासाठी एक छोटी फाइल करावी. पहिल्या ओळीत 'चिप' या शब्दापुढे यादीत दिसणारे चिपचे नाव, आणि खाली तीन प्रकारच्या सूचना. 'इग्नोर' म्हणजे हा आकडा दाखवू नको. 'लेबल' म्हणजे याला अमुक नावाने दाखव. 'कम्प्यूट' म्हणजे या सूत्राने हिशेब कर.

हिशेबाचे उदाहरण असे. यंत्र सुरू होताना बायोसमध्ये जाऊन हार्डवेअर मॉनिटरचे पान उघडले. तेथे बारा व्होल्टच्या तारेवर १२.१० दिसते आणि लिनक्समध्ये त्याच जागी ३.०२. म्हणजे बोर्डाने चौथा हिस्सा चिपकडे पाठविला आहे. 'कम्प्यूट' च्या ओळीत दोन सूत्रे लिहावयाची असतात, स्वल्पविरामाने वेगळी केलेली: पहिले 'वाचलेला आकडा गुणिले ४', दुसरे त्याच्या उलट, 'भागिले ४'. दुसरे सूत्र मर्यादा चिपवर लिहिताना लागते, आणि नेमके तेच विसरले जाते. व्होल्टेजसाठी बायोसचे पान पुरेसे विश्वासू साक्षीदार आहे. तापमानासाठी नाही, कारण बायोसमध्ये असताना प्रोसेसरवरचा भार निराळा असतो.

कधी खुद्द निर्माताच आकडा फुगवितो. २०१७ मध्ये आलेल्या एएमडीच्या रायझन मालिकेतील १८००एक्स व १७००एक्स हे प्रोसेसर पंख्यांच्या नियंत्रणासाठी प्रत्यक्षाहून २० अंश अधिक तापमान कळवीत. 'के-१०-टेम्प' ड्रायव्हर त्यांच्याकरिता दोन आकडे दाखवितो. 'टी-डाय' नावाचा खरा.

घाटावर आणि घाटाखाली

आकडे खरे झाले, तरी त्यांचा अर्थ जागेवर अवलंबून राहतो. बुलडाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. राजूर घाट उतरून मोताळ्यामार्गे मलकापूरला किंवा बोथा घाटातून खामगावला गेले की पूर्णेच्या खोऱ्यातील ऊन सुरू होते. उन्हाळ्यात तेथे पारा ४५ अंशांच्या आसपास जाणे ही नवलाई नाही. प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. तो त्या हवेच्या वर काही अंश असतो. घाटावरच्या २८ अंशांच्या खोलीत ६२ अंश दाखविणारे यंत्र घाटाखाली ४३ अंशांच्या पत्र्याच्या दुकानात नेले, तर त्याच कामाला साधारण ७७ अंश दाखवील. यंत्र तेच, प्रकृतीही तीच.

म्हणून नुसता आकडा न पाहता फरक पाहावा लागतो. भिंतीवर एक साधा तापमापक टांगावा, आठवड्यातून एकदा त्याच वेळी, तेच काम चालू असताना दोन्ही आकडे वहीत लिहावेत आणि वजाबाकी करावी. वरच्या उदाहरणात ती दोन्हीकडे ३४ आहे. ३४ चे पुढच्या महिन्यात ४०, नंतर ४८ झाले, तर दोष उन्हाचा नसून यंत्रात काहीतरी साचले, अडले किंवा वाळले आहे.

प्रोसेसरने वेग कमी केला का, याचा पुरावाही इंटेलच्या यंत्रांत मिळतो. 'सिस' फोल्डरात प्रत्येक प्रोसेसरखाली 'थर्मल_थ्रॉटल' असा कप्पा असतो आणि त्यातील 'कोअर_थ्रॉटल_काउंट' या फाइलीत असे प्रसंग किती वेळा आले त्याची संख्या. सकाळी शून्य असलेली संख्या दुपारी शेकड्यांत गेली, तर फॉरमॅट करून उपयोग नाही.

साचणाऱ्या गोष्टींत कापसाचा वाटा मोठा. खामगाव परिसरात जिनिंग-प्रेसिंगच्या हंगामात हवेत तरंगणारे रुईचे तंतू पंख्याच्या ओढीने आत जातात आणि उष्णता वाहून नेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये नमद्यासारखे बसतात. पंखा जोरात फिरत असतो, फेऱ्यांचा आकडाही उत्तम दिसतो, पण हवा पलीकडे जात नाही. यंत्र बंद करून, वायर काढून, मऊ ब्रशने हा थर काढावा. ब्लोअर वापरल्यास पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे.

दुसरा प्रश्न कूलरचा. संगणक तापतो म्हणून तो कूलरच्या झोतासमोर ठेवण्याची पद्धत विदर्भात सर्रास दिसते. आकडा लगेच खाली येतो, हे खरे. मात्र त्या झोताबरोबर पाण्याचे बारीक थेंब आणि पाण्यातील क्षारही आत जातात, धुळीचा चिखल होतो आणि बोर्डाला गंज चढतो. हे कोणत्याही संवेदकाला कळत नाही. कूलर खोलीसाठी असावा, यंत्र झोताच्या वाटेतून बाजूला. दमट पावसाळ्यात कूलरने खोली फारशी थंड होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

संवेदकांना न कळणारी आणखी एक गोष्ट म्हणजे घरात येणारी वीज. यादीत दिसणारे १२, ५ व ३.३ व्होल्ट हे यंत्रातील पॉवर सप्लायने तयार केलेले असतात. बाहेर २३० चे १७० झाले, तरी चांगला पॉवर सप्लाय आत बारा व्होल्टच देत राहतो. १२ च्या तारेवर ११.४ ते १२.६ ही मान्य मर्यादा आहे. त्याबाहेर आकडा गेला आणि मल्टिमीटरनेही तसेच दाखविले, तर पॉवर सप्लाय बदलावा. यादीतील 'व्ही-बॅट' ही नोंद मात्र बहुमोल आहे. ती बोर्डावरील नाण्याएवढ्या सीआर-२०३२ बॅटरीची. तीन व्होल्टची ही बॅटरी पावणेतीनच्या खाली घसरू लागली की वीज गेल्यावर यंत्राचे घड्याळ मागे पडते, तारीख चुकते आणि सरकारी संकेतस्थळे सुरक्षिततेचे कारण दाखवून उघडत नाहीत. दुकानदार इंटरनेटला दोष देतो. दोष काही रुपयांच्या बॅटरीचा असतो.

पंख्याचा वेग लिनक्सकडून नियंत्रित करण्याची सोयही आहे. 'पीडब्ल्यूएम-कॉन्फिग' ही आज्ञा एकेक पंखा थांबवून पाहते आणि 'फॅन-कंट्रोल' पुढे तापमानानुसार वेग ठरवितो. पंखे थांबविण्याची ही चाचणी मेच्या दुपारी करू नये. बायोसमध्ये तशी सोय असेल तर तिच्यावरच भिस्त ठेवावी, कारण लिनक्स अडकले तरी ती चालू राहते. पर्याय नसेल, तर चाचणी सकाळी, यंत्र थंड असताना करावी आणि किमान वेग शून्य ठेवू नये.