डाळीला नको, ते बीअरला हवं

लंडनला भाच्याकडे गेले होते तेव्हाची गोष्ट. त्याने घरी केलेल्या पहिल्यावहिल्या बीअरची बाटली उघडली, ग्लास भरला आणि चव घ्यायच्या आधीच माझ्या नाकाशी धरला. ‘मावशी, वास घे. कशाचा येतोय?’

ओळखायला वेळ लागला नाही. डेटॉलचा! भांडी घासताना काही राहिलं असेल, असं मी म्हटलं. पण त्याने भांडी चारचारदा विसळली होती. चोर निघाला नळाच्या पाण्यात, आणि तोही आपल्याच भल्यासाठी तिथे ठेवलेला.

पाणी शुद्धीकरण केंद्रापासून घरापर्यंत मैलोन्मैल नळांतून येतं. वाटेत त्यात जंतू वाढू नयेत म्हणून थोडं क्लोरीन सोडलेलं असतं. अनेक शहरांत त्यात अमोनियाही मिसळतात. त्यातून क्लोरामाइन तयार होतं आणि ते जास्त काळ टिकतं. पिण्याच्या पाण्यात ते जाणवतसुद्धा नाही. बीअरमध्ये मात्र धान्याच्या टरफलातून आणि यीस्टमधून फिनॉल वर्गातली संयुगं उतरतात. क्लोरीन त्यांना चिकटलं की क्लोरोफिनॉल बनतात. अब्ज भागांत काही भाग इतकं अत्यल्प प्रमाणही आपलं नाक पकडतं. डेटॉलमधला जंतुनाशक क्लोरोझायलिनॉलसुद्धा क्लोरीन जोडलेलं फिनॉलच. म्हणजे नाकाने नुसतं साम्य सुचवलं नव्हतं, कुळी बरोबर सांगितली होती.

कोळसा आणि अर्धी गोळी

साधं क्लोरीन घालवणं सोपं आहे. पाणी रात्रभर उघडं ठेवलं किंवा खळखळून उकळलं की ते उडून जातं. क्लोरामाइन असं सहज हलत नाही. त्याच्यासाठी दोन उपाय आहेत.

पहिला उपाय सक्रिय कोळशाचा फिल्टर. नारळाच्या करवंटीचा कोळसा वाफेत तापवला की त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं पडतात. अशा १ ग्रॅम कोळशाच्या छिद्रांची आतली भिंत उलगडून पसरली, तर ५०० चौरस मीटरहून जास्त जागा व्यापेल, म्हणजे पुण्यातले सहा-सात टू-बीएचके फ्लॅट. या भिंतींवर क्लोरीनचं निरुपद्रवी क्लोराइड होतं. मात्र क्लोरामाइनला वेळ द्यावा लागतो. नळ पूर्ण सोडला तर ते कोळशाला बगल देऊन पुढे निघून जातं. धार बारीक हवी.

दुसरा उपाय कॅम्पडेन गोळी. इंग्लंडमधल्या चिपिंग कॅम्पडेन या गावच्या संशोधन केंद्रावरून तिला हे नाव मिळालं. आत असतं सोडियम किंवा पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. साधारण ७५ लिटर पाण्याला एक गोळी पुरते. भाच्याला २० लिटर बीअरसाठी सुमारे ३० लिटर पाणी लागायचं, म्हणून अर्धी गोळी कुटून ढवळली की काही मिनिटांत काम फत्ते. मागे उरतं थोडं सल्फेट, थोडं क्लोराइड आणि चिमूटभर अमोनियम. हे शेवटचं तर यीस्टचं खाद्यच!

वास गेला. पण दुसऱ्या खेपेची बीअर जिभेवर तुरट लागली, चहाची पत्ती जास्त उकळल्यासारखी. पाण्यातून काय काढायचं ते भाच्याला समजलं होतं. काय ठेवायचं ते अजून कळायचं होतं.

केटलमधला पांढरा थर

लंडनचं पाणी जड, शाळेच्या पुस्तकातल्या शब्दांत दुष्फेन. चहाच्या केटलला आतून पांढरा थर बसतो. चुनखडीतून झिरपताना ते कॅल्शियम आणि बायकार्बोनेट सोबत घेऊन येतं. असलं पाणी आपल्या बायकांना प्रयोगशाळेविना कळतं: बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी दाताखाली येते. कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला बांधून ठेवतं, म्हणून दाणा फुटत नाही. मग आपण चिमूटभर खाण्याचा सोडा टाकतो, म्हणजे बायकार्बोनेट, आणि डाळ मऊ होते.

बीअरचा हिशोब नेमका याच्या उलट आहे. बीअरसाठी जवाला मोड आणून ते वाळवतात, आपण नाचणीसत्त्वासाठी नाचणीचं करतो तसंच. मग भरडून साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर मुरवतात. या तासात दाण्यातली विकरं स्टार्चची साखर करतात. त्यांना मिश्रणाचा पीएच ५.२ ते ५.६ च्या आसपास मानवतो. कॅल्शियम धान्यातल्या फॉस्फेटशी संयोग पावतं आणि पीएच खाली आणतं. शिवाय विकरांना उष्णतेत तग धरायला मदत करतं. बायकार्बोनेट मात्र पीएच वर ढकलतं आणि मग टरफलातलं टॅनिन सुटतं. तुरटपणा आला तो इथून. (पीएच ही मोजपट्टीसुद्धा बीअरवाल्यांचीच देणगी. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेन यांनी ती १९०९ मध्ये मांडली.)

थोडक्यात, डाळीला सोडा चालतो, कॅल्शियम चालत नाही. बीअरला कॅल्शियम हवं, सोडा नको.

गावाचं पाणी, गावाची बीअर

हे रसायनशास्त्र माहीत नव्हतं तेव्हाही गावोगावच्या पाण्याने आपापली बीअर घडवली. डब्लिनच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर. तिथे काळी स्टाउट रुजली, कारण करपेपर्यंत भाजलेलं धान्य मुळात आम्लधर्मी असतं आणि बायकार्बोनेटचा जोर मोडून काढतं. चेक प्रदेशातल्या प्लझेनच्या पाण्यात लिटरमागे कॅल्शियम जेमतेम १० मिलिग्रॅम. त्या मऊ पाण्यात १८४२ मध्ये पिवळीधमक पिल्सनर जन्मली. इंग्लंडमधल्या बर्टनच्या विहिरी जिप्समच्या खडकातल्या. तिथल्या पाण्यातल्या सल्फेटमुळे बीअरमध्ये घालतात त्या हॉप्सच्या फुलांचा कडूपणा लख्ख उठतो. तिथली फिकी, कडवट एल बीअर १८२० च्या दशकापासून जहाजांतून कलकत्त्याला आणि मुंबईला साहेबांसाठी येऊ लागली. पुढे इतर गावचे बीअरवाले आपल्या पाण्यात जिप्सम टाकू लागले. या उद्योगाला ‘बर्टनायझेशन’ असं नावच पडलं.

घरातला आरओ फिल्टर या सगळ्या भूगोलावर बोळा फिरवतो. क्षार जवळजवळ सगळे जातात आणि हाती कोरी पाटी येते. पण कोऱ्या पाण्यात फिकी बीअर करायची तर कॅल्शियम बाहेरून दिलेलं बरं. ३० लिटरला ५ ग्रॅम जिप्सम घातलं, की लिटरमागे सुमारे ३९ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ९३ मिलिग्रॅम सल्फेट वाढतं. कडूपणाऐवजी गोडसर भरीवपणा हवा असेल तर जिप्समच्या जागी कॅल्शियम क्लोराइड. मिठाच्या गोळ्यांवर चालणारं सॉफ्टनर यंत्र मात्र कामाचं नाही. ते कॅल्शियम काढून सोडियम देतं आणि बायकार्बोनेट तसंच ठेवतं.

ब्रिटनमध्ये घरगुती बीअरवरची परवान्याची अट १९६३ मध्ये उठली. तेव्हापासून विकायची नसेल तर स्वयंपाकघरात खुशाल करता येते. महाराष्ट्रात विनापरवाना बीअर करणं हा गुन्हा आहे, तेव्हा वाचकांनी यातलं डाळीपुरतंच अमलात आणावं.

भाच्याने तिसऱ्या खेपेला जुना, बिनखर्ची मार्ग धरला. अर्धी गोळी घालून पाणी उकळलं आणि रात्रभर निवू दिलं. उकळल्यावर कॅल्शियम आणि बायकार्बोनेट जोडीनेच चुनखडी होऊन खाली बसतात. सकाळी पातेल्याच्या तळाशी रांगोळीसारखा पांढरा गाळ होता. वरचं नितळ पाणी त्याने अलगद काढून घेतलं. त्यातलं बायकार्बोनेट गेलं होतं, पण कॅल्शियमही गेलं होतं. ते परत द्यायला तो जिप्समची पुडी शोधू लागला.

‘थांब जरा,’ मी म्हटलं आणि पुडी फुटायच्या आत दोन तांबे पाणी कुकरसाठी काढून घेतलं. त्या दिवशी लंडनमध्ये पहिल्यांदाच माझं वरण तीन शिट्ट्यांत झालं.