रग्बी : मागें देऊन पुढें जाण्याचा खेळ

आमच्या बदलापुरास पाऊस कोसळूं लागला म्हणजे मुलांच्या बॅटी माळ्यावर जातात. मुंबईंत मात्र पावसाळा हाच रग्बीचा हंगाम. बाँबे जिमखान्याच्या चिखलांत क्लबांचे संघ झुंजतात. येत्या हंगामांत हे सामने पाहावयास जाणाऱ्या कुटुंबांस उपयोगीं पडावे असे चार शब्द आज सांगावयाचे आहेत.

पंधरा-पंधरा गडी, अंडाकृति चेंडू आणि 80 मिनिटांचा डाव. प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीस टेकविला कीं 'ट्राय' होतो. त्याचे 5 गुण. त्यानंतर लाथेनें चेंडू दोन खांबांमधून, आडव्या दांडीवरून उडविल्यास आणखी 2. पण खेळाचें मर्म निराळेंच आहे. हातानें चेंडू पुढें फेकतां येत नाहीं. पुढें न्यावयाचा तर स्वतः धावावें किंवा लाथ मारावी; सोबत्यास द्यावयाचा तर आडवा किंवा मागें. म्हणून चेंडूवाल्याकडेच पाहत बसूं नका. त्याच्या मागून कोण धावत येतो, तें पाहा.

2025 च्या जूनमध्यें अंधेरीच्या क्रीडासंकुलांत पहिली रग्बी प्रीमियर लीग भरली. हा खेळ सात-सात गड्यांचा. ऑलिंपिकमध्यें 2016 पासून खेळला जातो तोच. मैदान तेवढेंच आणि गडी निम्म्याहून कमी, त्यामुळें एक फट सांपडली कीं धावणारा सुटलाच! सहा संघांपैकीं चेन्नई बुल्सनें 29 जूनच्या अंतिम सामन्यांत दिल्ली रेड्झचा 41–0 असा पाडाव केला. ट्राय व त्यावरची लाथ मिळून 7 गुण होतात, हें ध्यानीं घेतलें म्हणजे एवढी मोठी संख्या इतक्या थोड्या वेळांत कशी होते, याचा उलगडा होईल.

"पण ही तर दांडगाई!" असें आईबाप म्हणतात. भीति अगदींच निराधार नाहीं. तथापि या झोंबाझोंबीस कडक नियम आहेत. ज्याच्या हातीं चेंडू, त्यालाच धरतां येतें. खांद्यांच्या वर पकड करणें हा अपराध. डोक्यास मार लागल्याचा संशय आला तरी खेळाडूस मैदानाबाहेर काढावें लागतें. मुलास क्लबांत घालतांना बक्षिसांची चौकशी मागाहून करावी. पडावें कसें आणि धरावें कसें हें सामन्याआधीं शिकवितात का, तें प्रथम विचारावें. कबड्डींत तयार झालेल्या आपल्या मुलांस पकड आणि हुलकावणी नवीन नाहींत. मुलींसही हा खेळ परका नाहीं : 2019 च्या जूनमध्यें मनिला येथें भारताच्या महिला संघानें सिंगापूरला 21–19 असें हरवून पंधरा गड्यांच्या खेळांतील आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळविला.

शेवटीं एक जुनी गोष्ट. 1872 च्या नाताळांत कलकत्त्यास रग्बीचा सामना झाला आणि लवकरच तेथें क्लब निघाला. पांच-सहा वर्षांतच सभासद गळाले व तो मोडला. शिलकेंतील चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडविला. त्यासाठीं इंग्लंड व स्कॉटलंड 1879 पासून आजतागायत झुंजत आहेत. क्लबाजवळ रुपये होते, खेळणारे उरले नव्हते! आपल्याकडील क्लब टिकावयाचे तर मैदानाच्या कडेला प्रेक्षक हवेत, आणि आंत तुमचींआमचीं मुलें हवींत.