नाव आणि निदान : हृद्‌रोहिणीच्या एका विकाराविषयी

रोगाचे नाव वैद्याला काय शोधावयाचे तेही सुचवीत असते. हे सूचन क्वचित दिशाभूल करणारे ठरते. ‘स्पॉन्टेनियस कॉरोनरी आर्टरी डिसेक्शन’, संक्षेपाने ‘स्कॅड’, हे त्याचे बोधप्रद उदाहरण होय.

‘डिसेक्शन’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘कापून वेगळे करणे’ असा आहे. साहजिकच फाटलेल्या भित्तीचे चित्र मनापुढे उभे राहते. १९३१ साली प्रेटी यांनी बेचाळीस वर्षांच्या एका स्त्रीच्या बाबतीत ही विकृती नोंदविली, तीही मरणोत्तर तपासणीनंतर. वस्तुतः या विकारात हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीच्या भित्तीतील थरांमध्ये रक्त साचते आणि त्याच्या दाबाने रक्तप्रवाहाची वाट अरुंद होते. आतील अस्तर फाटलेलेच असते असे नाही.

निदानातील अडचण येथेच उद्भवते. अँजिओग्राफीत सोडलेले द्रव्य केवळ पोकळी दाखविते. भित्ती अदृश्यच राहते. जॅकलीन सॉ यांनी २०१४ साली मांडलेल्या वर्गीकरणातील पहिल्या प्रकारात चीर व दुहेरी पोकळी स्पष्ट दिसते. परंतु सर्वाधिक आढळतो तो दुसरा प्रकार. त्यात रोहिणी लांबवर, गुळगुळीतपणे निमुळती झालेली दिसते. तिसरा प्रकार तर मेदसंचयाने झालेल्या अडथळ्यासारखाच भासतो. तेथे रोहिणीच्या आतून चित्रे घ्यावी लागतात. मात्र त्या उपकरणानेच इजा वाढण्याचा संभव असल्याने ती सावधपणे घ्यावयाची असतात.

‘हृदयविकार’ या शब्दाबरोबर मनात येणारा रुग्णही बहुधा वयस्क, मधुमेही वा धूम्रपान करणारा पुरुष असतो. स्कॅडच्या रुग्णांत दहापैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात, त्याही बहुधा चाळिशी-पन्नाशीच्या. काही नुकत्याच बाळंत झालेल्या. पन्नाशीपर्यंतच्या स्त्रियांना येणाऱ्या हृदयविकाराच्या झटक्यांपैकी पस्तीस टक्क्यांपर्यंत झटक्यांचे कारण हेच असल्याचे आढळले आहे. तरीही छातीतील कळ पित्ताची वा काळजीची समजून त्यांना घरी पाठविले जाते. एकच ईसीजी निर्दोष आला म्हणून शंका फिटत नाही. तो आणि रक्तातील ट्रोपोनिन पुन्हा तपासावे लागते.

निदान अचूक होण्यावर उपचार अवलंबून असतात. मेदाचा अडथळा समजून स्टेंट बसविल्यास साचलेले रक्त भित्तीत पुढे सरकू शकते. उलट, रक्तप्रवाह चालू असून रुग्ण स्थिर असेल, तर बहुतेक रोहिण्या काही आठवड्यांत वा महिन्यांत आपोआप सांधल्या जातात. अशा वेळी रुग्णास देखरेखीखाली ठेवून हात आवरणे हाच उपचार ठरतो. आणि तो निर्णय घेण्यासाठी नावातील चिरेपलीकडे पाहावे लागते.